खुणेची जागा

शेखरने पिशवीत भांडी भरायला घेतली आणि सिंधुबाई हातातलं काम टाकून पुढे आल्या.

"ही विंचूरवाल्यांची कळशी घेऊ," तो म्हणाला. "ही परातपण. आणि हा तांब्या बघा वहिनी, काय अक्षर पडलंय! डॉक्टरला कळू दे कुणाच्या दुकानातून माणूस आलाय ते."

"भाऊजी, तयार भांडी आहेत ती. गिऱ्हाईक न्यायला यील."

"दुपारी येईल. तोवर फळीवर परत."

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर लेकीला, पूजाला, सांगितलं होतं, की वडिलांनी अलीकडे केलेलं काम घेऊन या, मला बघायचंय. आता डॉक्टरला बघायचं असतं ते बिघडलेलं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण भांडीबाजारातल्या या घराला ते सुचणं शक्यच नव्हतं. बिघडलेलं काम दुकानाची पायरी उतरता कामा नये, ही सिंधुबाईंच्या सासऱ्यांची, अण्णांची, शिस्त. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली तरी शिस्त जागच्या जागी होती. शेखर अंबडच्या कंपनीत वीस वर्षं काढलेला माणूस, हातोडी त्याने कॉलेजात असतानाच सोडली, पण भांडी निवडताना त्याच्यातले अण्णा बरोबर जागे झाले. दुकानातल्या पाच उत्तम वस्तू त्याने वेचून काढल्या. बिघडलेले तीन तांबे मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडून होते, त्यांचा त्याला पत्ताही नव्हता.

आणि त्या पाचांपैकी एकाही भांड्यावर गोरक्षदादांच्या हातचा ठोका नव्हता. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक सिंधुबाई, आणि दुसरे त्यांचे यजमान, स्वतः गोरक्षदादा, जे आतल्या आरशासमोर मुलगी बघायला निघाल्यासारखा भांग पाडत होते.

गोरक्षदादा म्हणजे भांड्यावर नावं घालणारा माणूस. नाशकात लग्नाचं भांडं कोरं द्यायची पद्धत नाही. देणाऱ्याचं नाव, वधूवरांची नावं, खाली तारीख. हल्ली बहुतेक दुकानांत विजेच्या पेनाने घर्र करून दोन मिनिटांत नाव घालून देतात. तरीही ज्याला ठोक्याचं नाव हवं तो कळवणहून, विंचूरहून विचारत विचारत यांच्या दुकानाशी यायचा. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी, मांडीवर गोणपाटाची घडी आणि घडीवर भांडं. आधी आखणं नाही, पुसणं नाही. एकदा ठोका पडला की पडला. नाव पुरं झालं की शेवटच्या अक्षराखाली तीन बारीक ठिपके, म्हणजे घराण्याची खूण. तेहतीस वर्षं सिंधुबाई डबा घेऊन दुकानात जात आल्या आणि दर वेळी पाच मिनिटं उभ्या राहून ते बघत आल्या. नवऱ्याचं कौतुक तोंडाने करायची त्यांच्या घरात रीत नव्हती, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहायच्या.

दोन वर्षांपूर्वी तो डावा हात फितूर झाला. बाकी सगळीकडे शहाण्यासारखा वागायचा. चहाचा कप धरायचा, स्कूटर चालवायचा, शेंगा सोलायचा. छिन्नी हातात आली रे आली, की मनगट आत वळायचं. मालिश झालं, गोळ्या झाल्या, म्हसरूळच्या एका वैद्याचा लेप झाला. शेवटी पूजाने, जी एका मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे, कुठल्याशा हॉस्पिटलची सूचना वाचली. हाताच्या अशाच दुखण्यावर एका इंजेक्शनची चाचणी चालू होती आणि त्यासाठी माणसं हवी होती.

शेखरचा या दुखण्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकतही नव्हतं. तो कंपनीत लेझरने लोखंडावर नंबर उमटवायच्या मशीनवर होता. तसलंच मशीन दुकानात आणू, हे त्याचं तीन वर्षांपासूनचं टुमणं. "माझा हात आहे तोवर नाही," असं दादांनी सांगितलं होतं. त्यानंतर वर्षभरात दादा म्हणायला लागले, हात चालत नाही. आणि फळीवर तर एकाहून एक सुंदर नावं दिसत राहिली. शेखरने दोन आणि दोन चार केले. दादा नाटक करतोय, निर्णय टाळतोय.

"आज एकदाचं कळेल," पिशवी उचलत तो म्हणाला. "मुद्दाम रजा टाकलीय मी."

हॉस्पिटलात भेटलेली डॉ. स्नेहल इतकी तरुण होती, की सिंधुबाईंनी आधी तिला नर्स समजून डॉक्टर कधी येणार म्हणून विचारलं. ती हसली आणि गोरक्षदादांसमोर स्टूल ओढून बसली.

"काका, डाव्या हाताने शर्टचं बटण काढा. लावा. हा पाण्याचा ग्लास उचला. ही किल्ली फिरवा."

दादांनी सगळं केलं. हात एवढासाही अडखळला नाही. शेखरने भिंतीकडे बघून नाकातून श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आता तुमची हत्यारं काढा."

दादांनी घरून आणलेला तांब्याच्या पत्र्याचा तुकडा मांडीवर घेतला, उजव्या हातात हातोडी घेतली, डाव्यात छिन्नी. टोक पत्र्याला लागायच्या आत मनगट आत वळलं. अंगठा तळव्यात शिरला. पहिलं बोट ताठ होऊन छिन्नीवरून उठलं. दादा दातावर दात धरून ते बोट खाली आणायला बघत होते आणि बोट त्यांचं ऐकत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. सिंधुबाईंना हे बघवत नसे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरने मोबाइलवर ते टिपलं. मग हलकेच त्यांच्या हातातून छिन्नी काढून घेतली, आणि हात जादू केल्यासारखा सैल पडला.

"हात चांगला आहे काका, आणि दुखणं खरं आहे," ती म्हणाली. "एकच बारीक काम हजारो वेळा करणाऱ्यांना होतं हे. लेखनिक, वादक, शिंपी. मेंदू त्या एका कामापुरता चुकीचे हुकूम सोडायला लागतो, दोन स्नायू हवेत तिथे सहा ओढतात. ढोंग म्हणतात लोक. तुम्हालाही कुणी म्हणालं असेल."

शेखर बुटाची लेस बघत होता. सिंधुबाईंच्या मनात आलं, झालं, सुटलो. आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाली, "काम आणलंय ना? बघू."

तिने कळशी उजेडाकडे फिरवली. परात पाहिली. तांब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काका, यावर तारीख पुढच्या महिन्याची आहे."

"लग्न पुढच्या महिन्यात आहे त्यांचं."

"मग हे केलं कधी?"

"गेल्या आठवड्यात." खोटं बोलायची दादांना सवय नव्हती.

"या हाताने?"

दादांनी डावा हात मांडीखाली सरकवला.

डॉक्टर अवघडली. "मी संशय घेत नाहीये. पण ही चाचणी आहे. चोवीस माणसं घ्यायचीत. ज्याचा हात कामात सतत बिघडतो तोच यात चालतो, नाहीतर औषधाने फरक पडला की आपोआप, हे कुणाला कळायचं? एक चुकीचा माणूस आला तर बाकी तेविसांची मेहनत पाण्यात. मला वर उत्तर द्यावं लागेल. हे काम बघून मी कागदावर काय लिहू?"

"मी दोन वर्षं हेच विचारतोय," शेखर उसळला. "सांग ना दादा! बोल की!"

"पप्पा, काहीतरी सांगा," पूजा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. एवढ्या खटपटीने तिने ही वेळ मिळवली होती.

"दुकानाचं काम आहे ते," दादा म्हणाले आणि हातोडी फडक्यात गुंडाळायला लागले. "चला, उठा. नाही बसत आपण तुमच्या कागदात, तर नाही बसत."

फडकं गुंडाळताना त्यांनी एकदाच सिंधुबाईंकडे बघितलं. तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याची एक नजर पुरते. गप्प राहा, असं ती नजर सांगत होती. बाजारात चर्चा होईल. तुझं नाव चार तोंडी होईल, माझं तर बुडेलच. एक शब्द बोलायला नको, म्हणून हा माणूस आपल्या हातावरचा इलाज सोडून उठला होता. सिंधुबाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना आला तो राग.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ती कळशी इकडं करा. शेवटच्या अक्षराखाली बघा. खूण हाय का?"

"वहिनी, आता खुणेचं काय मधेच?"

"बघा म्हणते ना."

शेखरने कळशी फिरवली. मग परात घेतली. मग तिन्ही तांबे, एकामागून एक, खिडकीपाशी नेऊन. पाचही भांड्यांवर शेवटच्या अक्षराखाली जागा कोरी होती. लहानपणापासून त्याने ते तीन ठिपके बघितले होते. अण्णांनी खुणेशिवाय कधी भांडं बाहेर जाऊ दिलं नव्हतं. आज सकाळी त्यानेच निवडून निवडून ही भांडी भरली आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

"हे दादाचं नाही," तो हळूच म्हणाला.

"अक्षर ह्यांचं," सिंधुबाई म्हणाल्या. "ठोका माझा."

दादा पुन्हा खुर्चीत बसले.

मग सिंधुबाईंनी सगळं सांगून टाकलं. गेल्याच्या गेल्या वर्षी कळवणच्या एका पार्टीचे तांबे होते. दादांनी एकावर नाव घातलं, बिघडलं. दुसरं बिघडलं. तिसरा तांब्या त्यांनी भिंतीवर मारला. दुपारी बाजार पेंगत असतो, अडीच-तीनची वेळ. सिंधुबाई डबा घेऊन आलेल्या. त्यांनी चौथा, कोरा तांब्या उचलला, पेन्सिल दादांच्या उजव्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्ही नुसतं काढा. आयुष्यात कधी आधी न आखलेल्या माणसाने पहिल्यांदा पेन्सिलीने नाव आखलं, आणि आयुष्यात कधी छिन्नी न धरलेल्या बाईने मागच्या खोलीत बसून ते ठोकलं.

"लय भ्या वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तीस वर्षं बघत होते ना. कुठं जोर, कुठं नुसतं टेकायचं, सगळं डोळ्यात होतं. हाताला आणायला वेळ लागला एवढंच."

"तेव्हापासूनची सगळी?" पूजाने विचारलं. "आई, सगळी?"

"मग काय, तुझ्या बापाचं भूत येऊन करत होतं?"

डॉ. स्नेहल दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मला दाखवता?"

दादांनी मान वर केली नाही. पण हात पुढे केला, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तांब्याच्या तुकड्यावर 'स्नेहल' लिहिलं. रेघ अशी वळली, की पूजाच्या तोंडून आपसूक "वा" निघालं. सिंधुबाईंनी पदर खोचला, फरशीवरच मांडी घातली आणि छिन्नी टेकवली. टक टक टक. दादा समोर उकिडवे बसले आणि उजव्या हाताने पत्रा फिरवू लागले. वळण आलं की पत्रा थोडा फिरे, ठोका पडे, पत्रा पुन्हा फिरे. एकमेकांना सांगणं नाही, विचारणं नाही. शेखर बघतच राहिला. कंपनीत लाखो रुपयांचं मशीन जे काम करतं ते इथे दोन माणसं एकमेकांच्या श्वासावर करत होती.

दार उघडून वॉर्डातले मामा आत डोकावले. "मॅडम, कसली दुरुस्ती चाललीय? शेजारचे पेशंट ओरडायला लागलेत."

"दोन मिनिटं, मामा," डॉक्टर म्हणाली. ती मोबाइल हातात धरून उभी होती, पण चित्रण सुरू करायचं राहून गेलं होतं.

नाव पुरं झालं तेव्हा तिने तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला. "काकू, कागदावर आता मी खरं ते लिहिणार. काम पत्नीच्या हातचं आहे, असं. चालेल?"

"लिहा," सिंधुबाई म्हणाल्या.

सह्या करण्याआधी तिने सगळं फोड करून सांगितलं. हे औषध मुळात विष आहे, कणभर दिलं की ज्या स्नायूत दिलं तेवढाच ढिला पडतो. तीन-चार महिन्यांनी असर ओसरतो. इंजेक्शन दोन वेळा द्यायचं, मध्ये चार महिने ठेवून. एकदा खरं औषध, एकदा नुसतं सलाइनचं पाणी. आधी कुठलं, ते तिलाही माहीत नसणार. सगळ्यांची चाचणी संपल्यावरच पाकिटं फुटणार. जास्त ढिला पडला तर काही दिवस बोटांतली ताकद जाईल, हेही तिने लपवलं नाही.

"म्हणजे नट्या सुरकुत्या घालवायला घेतात ते?" शेखरला राहवलं नाही.

"तेच."

"बघ दादा, हात तरी तरुण होईल."

कितीतरी महिन्यांनी त्या दोन भावांमध्ये काहीतरी हसण्यासारखं झालं. दादांनी विचारलं, "पहिल्या खेपेला पाणीच आलं तर?"

"तर थांबायचं, काका."

"थांबू. आम्हाला एक वेलांटी नीट वळवायला दोन-दोन वर्षं लागायची."

दर तपासणीला एकच नाव ठोकायचं होतं, म्हणजे तुलना करता येईल. कुठलं, ते तुम्हीच ठरवा, असं ती म्हणाली. दादांनी जरासुद्धा विचार केला नाही. "चतुराबाई. आमची आई. बाराव्या वर्षी अण्णांनी तिच्या हंड्यावर मला पहिलं नाव घालायला लावलं होतं. नीट उतरलं तेव्हा खूण घालायची परवानगी दिली."

आणि त्याच वाकड्या हाताने त्यांनी सगळ्यांसमोर एका कोऱ्या पत्र्यावर 'चतुराबाई' ठोकलं. छिन्नी घसरली, रेघा एकमेकींवर चढल्या, 'तु' कुठे आणि 'रा' कुठे. आपलं इतकं वाईट काम सख्ख्या भावासमोर पुरं करायला काय लागतं, ते सिंधुबाईंना कळत होतं. मध्येच न थांबता त्यांनी शेवटचं अक्षर गाठलं आणि पत्रा डॉक्टरच्या हातात दिला. सिंधुबाईंना त्या घटकेला नवरा जितका मोठा वाटला तितका चांगल्या दिवसांतही कधी वाटला नव्हता.

आत इंजेक्शनची तयारी चालू असताना शेखरने बाहेर बाकावर वहिनींना चहा आणून दिला. स्वतःचा कप हातात तसाच धरून बसला.

"वहिनी, मी त्याला ढोंगी म्हटलं. तोंडावर नाही, पण कंपनीत चार जणांना सांगितलं."

"मला ठाऊक हाय."

"तुम्ही मला सांगायचं होतंत."

"तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"नाय," सिंधुबाई म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू फुटलं.

"एक सांगा. खूण का नाही घातलीत? कुणाला काय कळणार होतं?"

सिंधुबाईंनी चहा बशीत ओतला. "ती अण्णांनी ह्यांना दिली. मला कुणी दिली?"

शेखरने थंड झालेला चहा एका घोटात संपवला. त्या दिवसापासून त्याने मशीनचा विषय काढला नाही, आणि एका रविवारी येऊन मागच्या खोलीतला दिवा बदलून चांगला उजेडाचा बसवून गेला.

पहिल्या इंजेक्शनने काही झालं नाही. म्हणजे झालं ते असं, की बाराव्या दिवशी दादांना वाटलं, हात हलका झालाय. पूजाने शिरा केला. शेखर अंबडहून कामाच्या कपड्यांवरच आला. दादांनी तांब्या मांडीवर घेतला, आणि पहिल्या अक्षरालाच मनगट आत गेलं. शिरा थंड झाला. महिन्याने तपासणीत दुसरा पत्रा ठोकला, तोही पहिल्यासारखाच. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्याच वेळी दुकान उघडलं. पेन्सिल घेतली आणि सिंधुबाईंची वाट बघत बसले. आता मागच्या खोलीत नव्हे, पुढे, गल्ल्याशेजारी. गिऱ्हाइकं बघायची. बाजारात चर्चा व्हायची ती झाली. आठ दिवस पुरली. मग नाशिक रोडच्या एका बाईने येऊन सांगितलं, की माझ्या मुलीच्या घागरीवर नाव काकूंनीच घालायचं, आणि चर्चेची हवाच गेली.

दुसरं इंजेक्शन पावसाळा सरता सरता झालं. सुईला तार होती, तारेला यंत्र. दादांनी छिन्नी धरली की जो स्नायू चुकीचा ओढे तिथे यंत्र खरखरायचं, आणि नेमकं तिथे औषध जायचं. आठव्या दिवशी सकाळी चहा पिताना दादांच्या डाव्या हातातली बशी निसटली आणि फरशीवर फुटून चार तुकडे झाले.

"तिसरं बोट धरतच नाहीये," दादा म्हणाले.

पूजा ओट्याकडून धावत आली. "पप्पा, पुन्हा बोला! बोट ढिलं पडलंय? आई, अगं पाण्याने बोट ढिलं नाही पडत!"

बशी फुटल्यावर इतका आनंद त्या घरात कधीच झाला नव्हता. सिंधुबाईंनी तुकडे गोळा करता करता डोळे पुसले.

ढिलं पडलेलं बोट दोन आठवड्यांत पुष्कळसं सावरलं. दादांना घरात छिन्नी धरून बघायचा मोह होत होता. पण पहिल्या खेपेचा शिरा सगळ्यांच्या लक्षात होता. तपासणीच्या दिवसापर्यंत त्यांनी हत्यारांना हात लावला नाही.

त्या दिवशी डॉक्टरच्या खोलीत गर्दीच झाली. शेखरने पुन्हा रजा टाकली होती. वॉर्डातले मामाही या वेळी ओरडायला न येता दाराशी उभे राहिले. टेबलावर दोन जुने पत्रे मांडलेले होते, दोन्हींवर वेडंवाकडं 'चतुराबाई'. दादांनी तिसरा पत्रा मांडीवर घेतला. छिन्नी घेतली.

मनगट आत वळायला गेलं. सिंधुबाईंना ते दिसलं, अर्धा इंच, आणि ते तिथेच थांबलं. बोट छिन्नीवर टेकलेलं राहिलं.

टक.

दादा थांबले. त्यांनी आपल्याच हाताकडे बघितलं. मग पुढचा ठोका, त्याच्या पुढचा. पूर्वीइतका वेग नव्हता. 'रा'चा काना किंचित तिरका गेला, 'ई'च्या डोक्यावर छिन्नी एकदा अडखळली. पण नाव वाचता येत होतं, आणि वाचणाऱ्याला ते कुणाच्या हातचं आहे ते विचारायची गरज नव्हती. शेखरने हातरुमाल काढून जोरात नाक शिंकरलं.

"काका, हे औषध की पाणी, मला अजून ठाऊक नाही," डॉ. स्नेहल म्हणाली. तिचा आवाज डॉक्टरसारखा राहिला नव्हता. "असर तीन महिन्यांत उतरेल, पुन्हा घ्यावं लागेल, पुन्हा तपासावं लागेल. पण आज मी जे बघितलं ते लिहून ठेवते."

"थांबा, पुरं नाही झालेलं," दादा म्हणाले.

शेवटच्या अक्षराखाली जागा कोरी होती. दादांनी छिन्नी आणि हातोडी उलटी धरली आणि सिंधुबाईंच्या पुढे केली.

"अहो, हात आलाय ना तुमचा? घाला की."

"दोन वर्षं ती जागा मोकळी बघतोय मी," दादा म्हणाले. "दर भांड्यावर. तुला वाटलं, माझं लक्ष नाही. घाल म्हटलं असतं तर माझा हात गेला हे मान्य करावं लागलं असतं, म्हणून बोललो नाही. माझं चुकलं. घाल."

"वाकडी पडली तर?"

"अण्णांनी मला दिली तेव्हा माझीही वाकडीच पडली होती."

सिंधुबाई खाली बसल्या. तेहतीस वर्षांत हजारो ठिपके पडताना पाहिले होते, दोन वर्षं हजारो अक्षरं ठोकली होती, आणि तीन ठिपक्यांसाठी त्यांनी छिन्नी दोनदा टेकवून पुन्हा उचलली. दादांनी पत्रा धरला. टक. टक. टक.

तिसरा जरासा खोल गेला. पूजाने वाकून बघितलं, मग शेखरने. त्याने पत्रा खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"दादा," त्याने विचारलं, "मग त्या दोन वर्षांतल्या भांड्यांचं काय? जिल्हाभर गेलीत. खूण नाही एकावरही. उद्या कुणी विचारलं कुणाचं काम, तर सांगायचं काय?"

दादा डाव्या हाताने हत्यारं फडक्यात गुंडाळत होते.

"त्यात काय सांगायचं," ते म्हणाले. "खूण नसली, की समजायचं तुझ्या वहिनीचं आहे."